अळणी रश्श्यातल्या जपानी शेवया

महायुद्ध संपल्यावर माझे वडील पलटणीबरोबर काही महिने जपानात होते. तिथली एकच गोष्ट ते सांगत: स्टेशनबाहेर एका म्हातारीच्या हातगाडीवर मिळणारा, वाफाळत्या रश्श्यातल्या शेवयांचा वाडगा. रामेन हे त्याचे नाव मला पुढे एका पुस्तकात सापडले. आबा ‘जपानी शेवया’ म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज इतका खाली जाई, की आम्ही भावंडे विषय बदलत असू.

सांगलीला बी.एस्सी. पूर्ण करून मी साताऱ्याला परतले. जूनमध्ये एम.एस्सी.साठी पुण्याला जायचे होते. त्यापूर्वी तो वाडगा आबांना एकदा खाऊ घालायचाच, असे मी ठरवले. त्यांचे वर्णन मी निरीक्षणांसारखे उतरवून घेतले. शेवया पिवळसर, पण अंडे नाही. ताणल्या तरी तुटत नाहीत. वास किंचित साबणासारखा. तिन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवत होती: अल्कली. ती तर आमच्या फडताळातच होती. मैद्यात मी पापडखार घातला. पहिल्या खेपेस प्रमाण चुकून शेवया कडू झाल्या. तिसऱ्या खेपेस जमल्या.

रश्श्यासाठी आबा आणि मी एसटी स्टँडजवळच्या खानावळीत गेलो. मालक आबांचे पलटणीतले सोबती. ते मात्र जपानला न जाता बर्माच्या आघाडीवरूनच घरी परतले होते. माझ्या डब्यातल्या ओल्या शेवया पाहून ते ओरडले, “आरं गड्या, शेवया दुधात घालत्यात! मटणाच्या अळणीत कोण घालतं? पोरीला शिकवून बिघडवलीस बघ.”

“तू रस्सा दे रं. चटणी टाकू नगंस,” आबा म्हणाले.

पडद्याआडच्या बाकावर आम्ही बसलो. वाडगे आले. अळणी, म्हणजे तिखट पडण्यापूर्वीचा मटणाचा रस्सा, वर चिरलेली कांद्याची पात. पहिल्याच घासाला मी सुखावले. शेवया दातांखाली लवत होत्या आणि रस्सा त्यांना धरून राहत होता. आबांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि सुर्र आवाज करत शेवया ओढल्या. घरात असे जेवताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

“सांड की समदं अंगावर!” मालक हसले.

आबांनी थेंबही ठेवला नाही. मग ते रिकाम्या वाडग्यात बघत बसले.

“काय कमी पडलं, आबा?”

“कायबी न्हाई. अक्षी तसंच हाय.”

घरी चालत जाताना ते आपणहून बोलले. “म्हातारीनं येकदा पोराचा फोटू दावला. फौजी कपड्यातला. लांब हात करून म्हनली, बर्मा. मेला, ते खुणेनं सांगितलं. मी बी बर्मात हुतो, त्येंच्याच फौजेम्होरं बंदूक धरून. पन न्हाई बोललो. रोज तिच्या हातचं खाल्लं आन् न्हाई बोललो.”

थोडे पुढे गेल्यावर त्यांनी विचारले,

“तू शिकलीस. तिला पत्र पोचंल का?”

“नाव ठाऊक आहे?”

“न्हाई. स्टेशन ठावं हाय.”

उत्तर माझ्यापाशी तयार होते. नाव नाही, पत्ता नाही, मध्ये वीस वर्षे गेलेली. म्हातारी हयात तरी असेल का?

“मजकूर सांगा,” मी म्हणाले.

आबा रस्त्याच्या कडेला थांबले. त्यांना पहिले वाक्य सापडेना. पुण्याला जाईपर्यंत रोज संध्याकाळी मी वही उघडून त्यांच्यासमोर बसत राहिले.