शब्द मागे, तीन प्रतींत

सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात शब्द मागे घेता यायचा. तीन प्रतींत, सहीनिशी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पर्सोनेल ऑफिसर होतो आणि समोर गावडे बसला होता. लेथवर सोळा वर्षं काढलेला टर्नर. हातात चार्जशीट, म्हणजे कंपनीने कामगारावर लेखी ठेवलेला आरोप. वरिष्ठांचा अपमान केला म्हणून. त्यात नोकरी जाऊ शकत होती. गिरणी बंद पडल्यापासून त्याचा भाऊ घरीच होता. दहिसरच्या खोलीतली सात माणसं एकट्या गावडेवर.

झालं होतं असं. वर्क्स मॅनेजर सानेसाहेबांनी गावडेचे शाफ्ट स्वतः मोजले आणि जाड म्हणून रिजेक्ट केले. गावडे म्हणाला, "साहेब, तुम्हाला मायक्रोमीटर वाचता येत नाही." मायक्रोमीटर म्हणजे केसाचीसुद्धा जाडी मोजणारं हत्यार. मशिनं चालू होती. ऐकलं ते फक्त साहेबांनी आणि शेजारच्या फोरमनने.

"लेखी मागे घेऊ दे," सानेसाहेब मला म्हणाले, "नाहीतर जाऊ दे घरी."

मी गावडेला विचारलं, "घेतोस ना मागे?"

"घेतो की. पण कुठलं वाक्य? त्या दिवशी मी बरंच बोललो."

शंका रास्त होती. बोललेलं नेमकं कसं मागे घेतात, हे मलाही बघायचं होतं. मोघम माफी चालेल का, असं मी साहेबांना विचारलं.

"मोघम काय? शब्दन् शब्द हवा. आणि बोर्डावर लावा. सगळ्यांना कळू दे."

"साहेब, आत्ता दोघांनाच माहीत आहे."

"म्हणूनच सांगतोय."

बोर्डावरची नोटीस कामगारांना कळेल अशा भाषेत लावायची, असा नियम. मी मराठीत टाइप करून घेतली. 'वर्क्स मॅनेजरसाहेबांना मायक्रोमीटर वाचता येत नाही, हे माझे शब्द मी बिनशर्त मागे घेत आहे.' गावडेने दोनदा वाचलं, "झकास," म्हणाला आणि सही केली. नोकरी वाचली.

लंच टायमात कँटीनबाहेरच्या बोर्डापाशी सगळी शिफ्ट उभी.

"म्हणजे येतं वाचता?" एकाने विचारलं.

"तसं कुठं लिहिलंय रे? शब्द मागे घेतलेत फक्त."

पुढे कोणाला शब्द मागे घ्यायला लावायची वेळ आली, की ते किती जणांनी ऐकलेत, हे मी आधी विचारत असे.

नोटीस सात दिवस ठेवायची असते. आठव्या दिवशी मी ती काढली. त्या आठवड्यात टूल स्टोअरच्या रजिस्टरमध्ये एक मायक्रोमीटर सानेसाहेबांच्या नावावर गेलेला आहे. परत आल्याची नोंद नाही.