दादाच्या डोळ्याचा स्वच्छ फोटो

नोकरीची सगळी वर्षं मी राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे. हातात पिवळ्या रंगाचं इंजेक्शन द्यायचं, खोलीत अंधार करायचा आणि डोळ्यात निळा उजेड सोडायचा. रक्तातून गेलेला रंग त्या उजेडात चमकतो आणि पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत उजळून दिसतात. एखादी गळत असेल तर तिथं धुकं धरल्यासारखं दिसतं. हे धुकं कधी कधी फार फिकट असतं, आणि उशिरा येतं.

माझा थोरला भाऊ गुजरीत, सराफांच्या पेठेत, सोन्याचे साज गाठवायचा. त्याला साखरेचा आजार होता. मणी ओवताना दोरा वाकडा दिसायला लागला, तेव्हा वहिनीनं त्याला माझ्याकडं आणलं. थोडा मोतीबिंदूही होता. अशा डोळ्यातून उजेड कमीच परत येतो. बाहुली पुरती मोठी होईपर्यंत थेंब घालत थांबावं लागतं आणि शेवटचे फोटो रंग पसरायला वेळ देऊन घ्यावे लागतात. त्या दिवशी दादाला रंगानं मळमळलं. बास कर म्हणाला. मलाही भूक लागली होती. शेवटचे फोटो घाईनं उरकले. ते करडे आले, म्हणून कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट वाढवला. मागचं करडं काळं झालं, रक्तवाहिन्या तारेसारख्या लखलखल्या. असा फोटो बघून कुणालाही वाटतं, सगळं नीट दिसतंय. पण कॉन्ट्रास्ट असा ओढला की फिकट असतं तेही काळ्यात जातं. डॉक्टरांनी गळती नाही असं लिहिलं. मूळ फोटो मी त्यांना दाखवले नाहीत.

वर्षभरात दादाला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना. कडेचं तेवढं दिसायचं. काम सुटलं. घरच्यांनी ठरवून टाकलं की वहिनीनं पथ्य सांभाळलं नाही. आमची आक्का, थोरली बहीण, चारचौघांत म्हणायची, "हिच्या लाडवांनी डोळं घालीवलं त्याचं." दादा गप्प बसायचा. मीही. तोवर मी एकटाच दवाखान्यात बसून मूळ फोटो परत उघडून पाहिले होते. मधोमध धुकं होतं.

मागच्या वर्षी दादा गेला. मी एकटा राहतो. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, तेव्हा हेच डोक्यात फिरत राहतं. शेवटी उचगावला जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हातातली शेंग सुपात टाकून म्हणाली,

"मला एकटीला सांगून काय उपेग, भावजी? ज्यांच्याम्होरं मी मान खाली घातली, त्यांच्याम्होरं सांगा की."

दादाच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत सगळं सांगितलं. गळती साखरेमुळंच झाली हे खरं, पण ती वेळेवर दिसली असती तर डोळ्यात इंजेक्शनं देता आली असती, बरीचशी नजर राहिली असती, हेही सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग आक्का म्हणाली, "मशीनचं काय सांगतोस? गोड खाल्लं न्हाय व्हय त्यानं?"

दोघं-तिघं हसले आणि जेवण पुढं सुरू झालं, माझंही. वहिनीनं माझ्याकडं न बघता माझ्या पानात भात वाढला.

त्यानंतर मी तिला बऱ्याचदा फोन केला. ती उचलत नाही.