ईस्ट, वेस्ट, विरार आणि चर्चगेट

चाचणीत प्रश्न होता, ‘चार मुख्य दिशांची नावे लिहा.’ चौथीतल्या प्रज्ञाने सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं होतं: ईस्ट, वेस्ट, विरार, चर्चगेट.

लाल पेन हातात धरून मी बराच वेळ हसत होते. मग पुढचा पेपर उघडला. कुणालच्या मते सूर्य भाईंदर ईस्टला उगवतो आणि पूल ओलांडून वेस्टला मावळतो. मग मात्र हसू थांबलं, कारण पोरं चुकली नव्हती. त्यांच्या अख्ख्या जगाच्या मधोमध भाईंदरचं स्टेशन होतं, वरच्या बाजूला विरारला जाणारी लोकल, खालच्या बाजूला चर्चगेटला जाणारी, आणि त्यांनी प्रामाणिकपणे त्या जगाचा भूगोल लिहिला होता. खोटा भूगोल आम्ही शिकवत होतो. भिंतीवर नकाशा टांगायचा, वर उत्तर आणि खाली दक्षिण म्हणून घोकून घ्यायचं, आणि ‘उत्तर दाखव’ म्हटल्यावर पोरगं छताकडे बोट दाखवतं म्हणून त्यालाच हसायचं!

हे सगळं मी शिक्षकांच्या खोलीत उभी राहून, हात उंचावून बोलले. सभा गाजवायची जुनी सवय आहे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होत्या.

“छान बोललात,” त्या म्हणाल्या. “पण शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आलीय. भूगोलाचे तास गणिताला द्या.”

“पोरांना वजाबाकी येईल, पण आपण उभे कुठे आहोत ते कळणार नाही. चालेल?”

“चालेल. उभं कुठे राहायचं यावर शिष्यवृत्ती मिळत नाही.”

शेवटी तह झाला. सोमवारी केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांवर देखरेख करणारे साहेब, वर्गात येणार होते. त्यांना पोरांनी दिशा नीट सांगितल्या तर भूगोलाचे तास माझे. नाही सांगितल्या तर परीक्षेपर्यंत वर्गात फक्त गणित. माझ्याकडे एक शनिवार होता. मी पोरांना उत्तनला न्यायचं ठरवलं.

तुम्हालाही जायचं असेल तर अगदी सोपं आहे. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची पालिकेची बस मिळते. सकाळची धरा, उन्हाचा त्रास होत नाही. पोरांना अर्धं तिकीट, डबा घरचा. पाणी जास्त न्या आणि खिडकीवरून होणाऱ्या भांडणांसाठी थोडा संयमही न्या.

निघण्याआधी शाळेच्या पटांगणात सगळ्यांना सूर्याकडे पाठ करून उभं केलं.

“सावली कुठे पडलीय?”

“पुढे!”

“आज सावली जिकडे पडलीय तिकडेच आपण जातोय. तीच पश्चिम.”

कुणालने हात वर केला. “पण बाई, आपण तर ऑलरेडी वेस्टलाच आहोत. वेस्टच्या वेस्टला कसं जाणार?”

“बसमध्ये बस, कळेल.”

मुर्धा, राई, मोर्वा करत बस निघाली. भाईंदरच्या इमारती मागे पडल्या आणि दोन्ही बाजूंना मिठागरं उघडली. चौकोनी वाफ्यांत पाणी चमकत होतं, बांधावर पांढरे ढीग होते.

“बाई, बर्फ!” अर्धी बस ओरडली.

“येड्यांनो, मीठ आहे ते,” प्रज्ञा म्हणाली. “पिशवीत भरायच्या आधीचं.”

मीठ समुद्राच्या पाण्यातून येतं, हे वाक्य वर्गात मी किती वेळा फळ्यावर लिहिलंय! ते खिडकीतून एकदाच दिसलं आणि कुणालाही पाठ करावं लागलं नाही. मी तिथल्या तिथे यावर भाषण सुरू केलं. कंडक्टर म्हणाला, “बाई, आधी तिकिटं घ्या, मग बोला.”

डोंगरी गेली, चढउताराचा रस्ता सुरू झाला, आणि एका वळणानंतर घरांच्या फटीतून समुद्र दिसला. उत्तनला उतरल्यावर पहिलं स्वागत वासानं केलं. बांबूच्या रांगांवर बोंबील वाळत होते. नाकं दाबून पोरं किनाऱ्याकडे पळाली आणि समुद्र दिसताच नाकं सोडून ओरडायला लागली. हे बघायलाच तुम्ही या. खरं सांगते, पोरांच्या सोबतीशिवाय समुद्र निम्माच दिसतो.

सावल्या अजून पाण्याकडेच पडत होत्या. आता माझा मोठा क्षण आला होता. बोंबील उलटत बसलेल्या एका मावशींना मी सगळ्या पोरांसमोर, घसा साफ करून विचारलं, “मावशी, या मुलांना सांगा बरं, वेस्ट कुठे आहे?”

मावशींनी मान वळवून आम्ही आलो त्या रस्त्याकडे बोट दाखवलं. “वेस्ट? वेस्ट ष्टेशनला हाय. हिकरं न्हाय. तुमी लय फुरं आल्याव.”

कुणाल आनंदानं नाचला. “बघा! आपण वेस्टच्या पुढे आलो! मी बोललो होतो!”

सोमवार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी घाईघाईनं म्हटलं, “अहो, पश्चिम. दिस मावळतो ती.”

“मंग मावळत इचार ना! मावळत ही काय, समोर. दर्यान.” त्या हसल्या. “मास्तरीण हायस ना तू?”

पोरं खो खो हसली. डबे उघडले तरी चिडवणं चालूच होतं. फक्त प्रज्ञाचं तिकडे लक्ष नव्हतं. हातात पोळीचा रोल धरून ती एकदा समुद्राकडे बघायची, एकदा रस्त्याकडे.

“बाई, मावशींच्या घरून आपली शाळा उगवतीला आहे ना?”

“हो.”

“मग आपलं वेस्ट यांच्या पूर्वेला आहे.”

कुणाल चावायचा थांबला. “म्हणजे वेस्ट हे नाव आहे. माझं नाव कुणाल आहे, तसं.”

“आणि पश्चिम?”

“ती प्रत्येकाची वेगळी निघते. उभं राहून बघायला लागतं.”

भाषण तयार होतं, पण, मला ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही, मी ते रिकाम्या डब्याबरोबर पिशवीत भरलं.

दुपारी परतताना ऊन कलायला लागलं होतं. बस थांब्यावर कुणाल खाली बघत म्हणाला, “बाई, आता सावली घराकडे वळलीय. सोडायला येतेय.”

सोमवारी सकाळीच केंद्रप्रमुख आले. घाम पुसत म्हणाले, “ईस्टला घर माझं, तिथून चालत आलो पूल चढून. बोला मुलांनो, तुमची शाळा कोणत्या दिशेला आहे?”

सोपा प्रश्न. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. प्रज्ञा उठली.

“कुणाच्या, सर?”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला समोर गणिताचं पुस्तक दिसलं.

“कुणाच्या म्हणजे?” साहेब म्हणाले.

“तुमच्या घरून पश्चिमेला. उत्तनच्या मावशींच्या घरून पूर्वेला. आणि आत्ता तुम्ही उभे आहात तिथून कुठेच नाही, कारण तुम्ही शाळेतच आहात.”

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, हळूहळू फिरून त्याच्याकडे उजवा खांदा केला आणि विचारलं, “मग आता माझ्या तोंडासमोर कोणती दिशा आहे?”

“उत्तर!” अख्खा वर्ग ओरडला. मागच्या बाकावरून कुणालने भर घातली, “म्हणजे विरार!”

साहेब इतके हसले की मोठ्या बाईंनाही हसावं लागलं. जाताना त्या मला हळूच म्हणाल्या, “तास ठेवा. पण भाषणं कमी करा. पोरं तुमच्यापेक्षा थोडक्यात बोलतात.”

संध्याकाळी लोकलनं पुढच्याच स्टेशनवर, मीरा रोडला उतरले. मला सिल्व्हर पार्कला जायचं होतं, पण डोकं अजून वर्गातच होतं.

“मॅडम, ईस्ट के वेस्ट?” रिक्षावाल्याने विचारलं.

“किसका?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने मागे वळून मला नीट न्याहाळलं. “स्टेशन का, मॅडम. और किसका?”

त्याचंही बरोबर होतं. मी रिक्षात बसले. रिक्षा वळली आणि मावळतीचं ऊन एका बाजूनं आत आलं. मी हळूच बोट उचलून माझी उत्तर शोधायला लागले.