कर्कश

माझे वडील मोताळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या यंत्रांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. घरात आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. ते ओरडणं आहे हे मला लग्न होऊन चिखलीला आल्यावर कळलं. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "भांडून राह्यली का वं?" तेव्हापासून मी आवाज दाबून बोलते.

गेल्या वर्षी वडिलांना चिखलीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. डॉक्टर हळू आवाजात मला म्हणाले, "उजवा कान गेलाय. डावाही फार दिवस साथ देणार नाही." बाहेर येऊन बसलो, तसे वडील म्हणाले, "काय म्हंते डॉक्टर?"

खोली पेशंटनी भरलेली. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांना कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग मी माहेरच्या आवाजात ओरडले, "उजवा कान गेला, बाबा! डावाबी जाईन!"

समोरची बाई शेजारणीला म्हणाली, "किती कर्कश बोलते, बापाशी!" वडील मान हलवत होते. मला मान वर करता येईना.

बसस्टँडवर बसल्या बसल्या मोबाइलवर तो शब्द शोधला. मूळ संस्कृत. आधीचा अर्थ खरखरीत, टणक, हाताला लागणारा. आवाजाला तो नंतर लावला गेला. आणि खाली कर्कशा, म्हणजे भांडखोर बाई. पुरुषासाठी तसा शब्द काही दिसला नाही.

"काय वाचून राह्यली?" वडिलांनी विचारलं.

"एका शब्दाचा अर्थ!"

"कोणता?"

काही बायका वळून बघत होत्या. "कर्कश!" मी ओरडले.

"कोणाले म्हंतलं?"

"मले!"

त्यांनी हात झटकला. मग म्हणाले, "लोकं नुस्ते तोंड हालवतात, बाई. तुयं तेवढं आयकू येते."

मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष अजून त्या बायकांकडेच होतं. त्यांच्या गावाकडे जायची बुलढाण्याची गाडी लागली. मी हळूच म्हणाले, "चला, बाबा." ते बसूनच राहिले. मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं, आणि माझी कानशिलं पुन्हा तापली.