ला-ला नंतर ट्रंपेट

आमच्या शैलाचं लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात, एकाच नवऱ्याशी दोनदा लागलं. दोन्ही वेळा कारण एकच होतं: एक इंग्रजी गाणं, ज्याचा अर्थ मांडवातल्या एकाही माणसाला कळत नव्हता.

शैला माझी धाकटी नणंद. सत्तर सालाच्या आगंमागं आम्ही पिंपरीला कामगार कॉलनीत राहायचो. देहूरोडला लष्करातला कुणी साहेब बदली होऊन निघाला की त्याचं सामान विकायला निघायचं. आमचे हे तिथं पलंग आणायला गेले आणि फोनो घेऊन आले, सोबत एक तबकडी. (पलंग आजतागायत आलेला नाही.) तबकडीवर कुणी एक बाई नाकात गायची, मग वर वर चढत ‘ला-ला-ला’ करायची, आणि ती ला-ला संपली रे संपली की ट्रंपेट असं काही फुटायचं की पहिल्या दिवशी सासूबाईंच्या हातातली कपबशी गेली.

पण चाल गोड. इतकी गोड की ती कुणाच्याच घरात थांबेना. आधी ती एका हिंदी सिनेमात निघाली. मग रेडिओवर मराठीत आली, तिथं गाण्यातली बाई तुळशीपाशी वाट बघत होती. मग शेजारच्या गायकवाडभाऊंच्या गायन पार्टीनं चौदा एप्रिलच्या जयंतीला म्हटली, आणि खरं सांगते, सगळ्यांत उजवी तीच, कारण तिथं म्हणण्यासारखं काहीतरी होतं. मग युनियननं पगारवाढीचं गाणं त्याच चालीत बसवून गेटवर म्हटलं. त्याच संध्याकाळी कंपनीच्या आत साहेबांचं स्नेहसंमेलन होतं, तिथल्या ऑर्केस्ट्रानंही तेच वाजवलं. गेटच्या आत आणि बाहेर एकच चाल. बोलणी फिसकटली, पण ठेका जमला.

आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की चाल मूळची आमची.

“वहिनी, ही आमच्या चुलत्याची चाल,” गायकवाडभाऊ म्हणायचे.

भजनी मंडळाचे बुवा सांगायचे, “मला पहाटे स्वप्नात सुचली.”

“बुवा, स्वप्नात फोनो दिसला का हो?” आमचे हे विचारायचे. तबकडी आमच्याकडे, त्यामुळे सात-बारा आमच्याच नावावर असल्यासारखे आम्ही वागायचो.

असं सगळं चालू असताना शैलाचं जमलं. मुलगा चिंचवडला कंपनीत फिटर, घर चाकणचं. विहीणबाई मोठ्या रोखठोक. देण्याघेण्याचं नाव काढलं नाही त्यांनी. अट एकच घातली.

“मुहूर्त हालता कामा न्हाई. थोरल्याच्या लग्नात मुहूर्त चुकला, तवापासनं सून उलटं बोलती. धाकट्याच्या टायमाला मी ऐकायची न्हाई. चुकला, तर पोराला घिऊन सरळ चाकणला.”

थोरली सून मागंच उभी होती. ती म्हणाली, “मुहूर्तावर लागलं असतं तरी बोललेच असते.”

“बघा,” विहीणबाई म्हणाल्या.

मुहूर्त निघाला गोरज. कारखान्याच्या चिमणीमागं सूर्य गेला की लग्न, असं भटजींनी सोप्यात सांगून ठेवलं. सासूबाईंनी सगळ्या घराला तंबी दिली. मी मात्र वेगळ्याच नादात होते. मला मंगलाष्टक रचायचं होतं. नणंदेच्या लग्नात भावजयीनं स्वतःचं मंगलाष्टक म्हणायचं, ही कॉलनीतली प्रतिष्ठा. आता मंगलाष्टकाचं ते मोठं वृत्त मला काही झेपेना. तिसऱ्या ओळीत दम लागायचा. मग मी माझ्या ओळी त्या इंग्रजी चालीत बसवल्या. पापड लाटता लाटता गुपचूप सराव केला. कुणाला सुगावा लागू दिला नाही.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. निम्मी पाहुणेमंडळी अजून शिफ्टवर होती. अंतरपाट धरला, वधूवर दोन बाजूंना उभे राहिले, मुठीमुठीत अक्षता वाटल्या. सूर्य अजून चिमणीच्या वर हातभर. भटजी म्हणाले, “वेळ आहे. ज्यांना मंगलाष्टकं म्हणायची त्यांनी म्हणून घ्या.”

पहिली उठली मुलाची आत्या. तिनं सूर लावला. तीच चाल! (चाकणच्या भजनातून उचललेली.) मग उठल्या आमच्या सासूबाई. तीच चाल, रेडिओवरची. त्याही म्हणे गुपचूप सराव करत होत्या, मी झोपल्यावर. माझा नंबर येईस्तोवर अख्खा मांडव गुणगुणायला लागला होता, मागं कुणी ताल धरला होता.

मला चेव आला. म्हटलं, ह्या सगळ्या नकला, अस्सल काय असतं ते आता दाखवते. मी सात नद्या, गौरीहर, सासर-माहेर सगळं म्हटलं, आणि शेवटी ‘सावधान’ म्हणायचं सोडून, तबकडीवरच्या बाईसारखी वर वर चढत गेले, “ला-ला-ला!”

मांडवाबाहेर डेव्हिड मास्तर आपला बॅन्ड घेऊन उभे होते. मास्तर देहूरोडला लष्करी बॅन्डातून निवृत्त झालेले. साहेब लोकांच्या पार्ट्यांत त्यांनी हे गाणं उभी हयात वाजवलेलं. ला-ला कानावर पडलं आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. ट्रंपेट फुटलं. मागून ढोल सुरू.

आता आपल्याकडे बॅन्ड वाजला म्हणजे लग्न लागलं. कोण सूर्य बघतो? अक्षतांचा पाऊस पडला, अंतरपाट सुटला, शैलानं हार घातला, जावयांनी घातला. सासऱ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले.

तेवढ्यात विहीणबाई बॅन्डाच्या वर आवाज काढून म्हणाल्या, “भटजी, मुहूर्त झाला का?”

भटजींनी चिमणीकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. सूर्य आपला जागच्या जागी.

“नाही,” भटजी म्हणाले.

विहीणबाईंनी मुलाचा हात धरला. “चल. हार काढ.”

“आई, पण...”

“चाकण.”

शैला तिथंच रडायला लागली. सासरे खुर्चीत बसले ते उठेचनात. आमचे हे धावत बाहेर गेले. “मास्तर, कुणी सांगितलं वाजवायला?”

“साब, ला-ला के बाद ट्रंपेट आता है,” मास्तर शांतपणे म्हणाले. “आता है तो आता है.”

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या सासूबाईंची तर सगळ्यांच्या आधी.

वाचवलं भटजींनी. ते म्हणाले, “विहीणबाई, थांबा. ‘सावधान’ झालं नाही, माझा शेवटचा मंत्र झाला नाही. नुसत्या ला-लाला शास्त्रात आधार नाही. म्हणजे लग्न लागलेलंच नाही. मग मुहूर्त चुकेल कसा?”

विहीणबाईंनी विचार केला. “व्हय, ह्ये खरं. पर आता एकीनंबी गायचं न्हाई.”

अंतरपाट पुन्हा वर गेला. पण अक्षता सगळ्या जमिनीवर. ह्यांनी आचाऱ्याकडून मसालेभातासाठी धुतलेले तांदूळ घमेलंभर आणले, मी त्यात कुंकू कालवलं. शिफ्ट सुटून आलेल्या पाहुण्यांच्या हातात आम्ही ओल्या लाल अक्षता ठेवल्या. मांडवात चिडीचूप. सूर्य चिमणीमागं गेला. भटजींनी शेवटचा मंत्र म्हटला आणि खणखणीत आवाजात ‘सावधान’ केलं.

बॅन्ड गप्प.

अक्षता मुठीत. अंतरपाट तसाच. भटजी चिमणीकडे बघतायत, अंधारून येतंय.

“वाजवा की ओ!” विहीणबाई ओरडल्या.

मास्तरांनी ट्रंपेट काखेत घट्ट धरलेलं. “नहीं माताजी. एक बार गलती हुई. पहले ला-ला.”

“वहिनी, म्हणा लवकर,” भटजी घाईघाईनं म्हणाले. पण विहीणबाईंची बंदी आठवून मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. आणि मुहूर्त हातचा चाललेला बघून चाकणच्या विहीणबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला, डोळे मिटले, आणि असा काही सूर लावला की तबकडीवरच्या बाईनं पाया पडावं, “ला-ला-ला!”

ट्रंपेट फुटलं. ओले तांदूळ बरसले आणि जावयांच्या कोटाला जे चिकटले ते चिकटलेच. लग्न मुहूर्तावर लागलं. मसालेभात मात्र निम्म्या लोकांना पुरला नाही.

शैलाचा संसार सोन्यासारखा झाला. ती उलटं बोलते का? बोलते, थोरलीपेक्षा सवाई. विहीणबाई म्हणायच्या, “मुहूर्त बरोबर साधलेला, पर ती पयली ला-ला नडली.” आणि लगेच जोडून सांगायच्या, “चाल मूळची आमची, बरं का.”

माझ्या त्या मंगलाष्टकातली एक ओळसुद्धा कुणाला आठवत नाही. पण मान टिकून आहे. कॉलनीत लग्न निघालं की मला अजून मंगलाष्टक म्हणायला बोलावतात. फक्त त्याआधी बॅन्डवाल्यांना जेवायला बसवतात.