रिकाम्या सिंहासनाचा तास

युरोपातली धर्मसुधारणा हा धडा माझा होता. आमच्या तुळजापूरच्या कॉलेजात तो दुसऱ्या कुणी शिकवलेला मला आठवत नाही. जर्मनीतला तो बंडखोर साधू, विकली जाणारी पापमाफीची पत्रं, छापखाना, चर्चमधून बाहेर काढलेल्या मूर्ती, सगळं तोंडपाठ. आधी कारणं सांगायची, मग परिणाम, पोरांनी लिहून घ्यायचं. पोरं जांभया द्यायची. मी म्हणायची, इतिहास आहे हा, तमाशा नव्हे.

मग उमरग्याहून नवी बाई आली. वयानं माझ्या लेकीएवढी, घरात कानडी बोलणारी. तिच्या तासाला दुसऱ्या वर्गातली पोरं दारात उभी राहून ऐकायची. माझ्या तासाला दार लावून घेतलं तरी मागच्या मागं सटकायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. स्टाफरूममध्ये ती म्हणायची, "मॅडम, चहा घ्या की." मी म्हणायची, आत्ताच झाला. झालेला नसायचा.

एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, युरोपचा पेपर यंदा नव्या बाईंना शिकवायला द्यावा म्हणतो. पोरं मागायला लागलीत. पण तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला. एकदा त्यांचा तास बघा आणि मला सांगा." जन्मभर सांभाळलेला पेपर, आणि पोरं मागतायत दुसरीला. तरी म्हटलं, बघते. बघायचं कसलं, चूक धरायला गेले होते मी.

भाद्रपद सरत आला होता. नवरात्राच्या आधी आमच्याकडं देवी निद्रेत असते. मूर्ती सिंहासनावरून उचलून आतल्या पलंगावर निजवतात, ती घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर येते. माझं माहेर पुजाऱ्यांचं. ते दिवस मी सासरीसुद्धा पाळते.

मी शेवटच्या बाकावर बसले. तिनं फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. म्हणाली, "समजा, तुम्ही लहानपणापासून ज्या चर्चमध्ये जाता, तिथं एका सकाळी गेलात, तर एकही मूर्ती नाही. भिंतींना चुना फासलेला. हात कुणाला जोडाल?" मग तीच पुढं म्हणाली, "लांब कशाला जायचं? आत्ता आपल्या देवळात सिंहासन रिकामं आहे. देवी नाही तिथं."

सापडली! मी ताडकन उठले. "बाई, देवी नाही असं म्हणू नका. देवी निजलीय. तुळजापुरात बसून पोरांना असलं सांगता?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. तिचं तोंड उतरेल असं मला वाटलं होतं. कुठलं काय! ती खडू ठेवून बाजूला सरकली. "माझं चुकलं मॅडम. मी उमरग्याची, मला एवढं माहीत नाही. तुम्ही इथं या ना, तुम्हीच सांगा."

आता नाही कसं म्हणणार? गेले पुढं. सांगितलं, की या दिवसांत अभिषेक होत नाही, देवीला सुगंधी तेल लावतात. माझी आई गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकायची, कारण देवी पलंगावर निजलेली असताना आपण गादीवर लोळायचं नाही. लहानपणी मी रिकाम्या सिंहासनाकडं बघून रडले होते, तेव्हा आई म्हणाली होती, "आवाज करू नको, उठंल ती." आणि आजही मी जमिनीवर झोपते, सकाळी कंबर धरून उठते. पोरं हसली. माझ्या बोलण्यावर वर्ग हसलेला मी पहिल्यांदाच ऐकला. एकही पोरगं जांभई देत नव्हतं. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात ती म्हणाली, "बघा, आत्ता इथं दोघींचं भांडण झालं. मी म्हटलं नाही, मॅडम म्हणाल्या आहे. युरोपात नेमकं याच्यावरनं पेटलं. मूर्तीत देव आहे की नाही? चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात त्या भाकरीत आहे की नाही? चुना फासणाऱ्याला भिंत दिसत होती. रडणाऱ्या बाईला तिथं कुणीतरी दिसत होतं. दोघांचीही श्रद्धाच होती."

झालं. माझी आई, माझी कंबर, माझं रडणं, सगळं घेऊन तिनं तिचा तास पुरा केला. आणि तास असा झाला, की मला तो धडा त्या दिवशी कळला. इतकी वर्षं शिकवूनही कळला नव्हता. जळफळाट झाला माझा.

बाहेर पडताना एक पोरगी आडवी आली. पुजाऱ्याचीच लेक, माझ्या वर्गात कायम खाली मान घालून लिहिणारी. आगाऊपणा नव्हता, खरंच विचारत होती. "मॅडम, तुमच्याकडं एवढं होतं, मग आमाला कधीच का न्हाय सांगितलं?"

मी म्हटलं, घरी जा, उशीर होईल.

प्राचार्यांकडं गेले आणि म्हटलं, द्या तिला पेपर. ते खूश झाले. "मोठं मन लागतं मॅडम याला."

"मन-बिन काही नाही सर," मी म्हटलं. "ती वाईट शिकवत असती, तर मी हसत हसत दिला असता."

आता दर आठवड्याला तिच्या तासाला मी शेवटच्या बाकावर असते. चूक धरायलाच जाते. परवा तास संपल्यावर बघते तर माझी वही भरली होती, आणि चूक धरायची राहूनच गेली होती.