नानांची नाव, एका फुटाला एक इंच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे, अगदी कचेरीत मी कुणाला घाबरायचो तेसुद्धा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर असता तर मी चहा मागवला असता आणि विषय बदलला असता. ते मला चांगलं जमतं.

आधी माझ्या छंदाविषयी. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. (खरं तर मी लांबण लावतोय. तुमच्या लक्षात आलंच असेल.)

मी सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे, आणि घरी आलं की नावा करायच्या. लहान, एका फुटाला एक इंच अशा मापाच्या. लढाऊ जहाजं नाहीत, हौशी लोकांच्या शिडाच्या बोटीही नाहीत — फक्त कामाच्या नावा. मासेमारीचा मचवा, वाळू वाहणारा पडाव, मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावणारी ती बुटकी टग. पोटासाठी राबणाऱ्या नावेत एक फळी उगाच नसते. प्रत्येकीला कारण असतं. ते कारण शोधायला मला आवडायचं. टाचण्यांची डोकी कापून मी खिळे करायचो. गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात नाव सोडून बघायचो. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरवर माझी टग हौदभर फिरायची. शेजारी कठड्यावरून म्हणायचे, "अहो, नळाला चार दिवसांनी पाणी येतं आपल्या, आणि तुम्ही त्यात जहाजं सोडता?" मी हसायचो. या कोरड्या शहरात नावा करणारा मी एकटाच होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा तोराही होता.

तुळशीरामनाना मला भेटले ते नावेमुळेच. गंगापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचं गाव. धरण झालं तेव्हा गंगा पसरली — आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात — गाव वर सरकलं आणि बऱ्याच जणांची शेतं पाण्यापलीकडे राहिली. नाना भोई. आजोबांनी बांधलेली नाव ते चालवायचे. सकाळी बाया-माणसांना पलीकडे सोडायचं, संध्याकाळी चाऱ्याच्या भाऱ्यांसकट आणायचं, मधल्या वेळात मासे धरायचे. रुंद बुडाची, काळीकुट्ट, डांबराचे थरावर थर चढलेली सागवानी नाव. पुढचं टोक असं काही वर उचललेलं, की मी स्कूटरवरून उतरायच्या आधीच ते माझ्या नजरेत भरलं.

त्यानंतर कित्येक रविवार मी तिकडे जात होतो. टेप लावून बाहेरची सगळी मापं घेतली. नाना सावलीत बसून गंमत बघायचे. त्यांची बायको, रुखमाबाई, मला भाकरी आणि माशाचं कालवण वाढायची. मी ब्राह्मणाचा, घरी चोरून अंडंसुद्धा न खाल्लेला — तिच्या हातचं मी मिटक्या मारत खाल्लं. हे मुद्दाम सांगतोय. त्या माणसांनी मला परकं ठेवलं नव्हतं.

पण नावेचं आतलं अंग मला दिसत नव्हतं. बुडावर आतूनही फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि फासळ्या त्या दोन थरांच्या मध्ये. पुढच्या टोकापाशी त्या कण्याला कशा जोडल्यात? तो बाक कुठल्या सांध्यानं साधलाय? नानांनाही माहीत नव्हतं. आजोबांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं, कागदावर काढायचा तर प्रश्नच नाही. मी म्हणालो, आतल्या दोन फळ्या काढून बघू का? नानांनी मान हलवली.

"नको साहेब. जुनं लाकूड हाय. एकदा उघडलं का पुन्हा तसं बसत नाय. आतलं आत राहू द्या."

मी राहू द्यायला हवं होतं. अंदाजानं सांधा काढून नाव पुरी करता आली असती, कुणाला कळलं असतं? पण मला कळलं असतं. रात्रंदिवस डोक्यात तो सांधा. जेवताना ताटात बोटानं मी त्या फासळ्या काढायचो. बायको म्हणायची, आता पुरे. तुम्हाला कधी असं झालंय का — एखादी अगदी क्षुल्लक गोष्ट, आणि तिच्यापुढे बाकी सगळं, माणसंसुद्धा, बारीक होत गेलेली?

उन्हाळ्यात नाव काठावर ओढून ठेवली होती, डांबर लावायला. मी गेलो तेव्हा नाना तिच्याभोवती फिरत होते. मला बघून म्हणाले,

"बरं झालं आलात. तुम्हाला लाकडातलं कळतं. आजून किती वर्सं जाईल वो ही?"

त्यांनी हे का विचारलं, ते सांगायला हवं. नानांचा धाकटा भाऊ पुरात गेला होता. नाव दुसऱ्याची होती, तळाची फळी फुटली, आणि तो दोन बायांसह बुडाला. तेव्हापासून नाना दर उन्हाळ्यात आपल्या नावेला कान लावून, ठोकून बघायचे. ही गोष्ट त्यांनीच मला जेवताना सांगितली होती. म्हणजे मला ती माहीत होती. मला ती पक्की माहीत होती.

पुढच्या टोकापाशी दोन थरांमध्ये एक फट होती. नानांचा हात त्यात जात नसे, माझा जायचा. मी कोपरापर्यंत हात घातला. हातात दाभण होतं. फासळीवर टोचलं. रुतलं नाही. दुसरीवर टोचलं — टणक, जणू दगड. तिसरीवरही तेच. आत कोरडं होतं, सागाचा आणि डांबराचा वास येत होता.

हात बाहेर काढला आणि मी म्हणालो, "नाना, आतून गेलीय ही."

झालं. सांगितलं. हेच ते.

पण एवढ्यावर थांबलो नाही मी. मीच पुढे म्हणालो, "पावसाळ्यात माणसं घेऊन हिच्यात बसू नका. बाकी तुमची मर्जी." बाकी तुमची मर्जी! त्यांच्यापुढे कसली मर्जी उरली होती? मी बरोबर त्या जागी बोट ठेवलं होतं, जिथं त्यांचा भाऊ होता.

नाना खाली बसले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "पाप लागलं असतं मला. सांगितलंत, लई उपकार झाले."

नाव मोडायचं नानांनीच ठरवलं, म्हणजे दुसरं कुणी ती पाण्यात नेणार नाही. त्या दिवशी रुखमाबाईनं टोकाला हळदकुंकू लावलं आणि नारळ वाढवला. मोडायला नानांचा चुलतभाऊ म्हादू आला होता. नाना मात्र पाण्याकडे तोंड करून, नावेकडे पाठ करून बसले. त्यांना ते बघवेना, आणि माझ्या ते पथ्यावर पडलं. मी वही, टेप, पेन्सिल घेऊन उभा. एकेक फासळी निघेल तसं माप घेत होतो. आणि तो सांधा — काय सांगू! खाच अशी तिरकी कापलेली, की पाण्याचा जोर जितका जास्त, तितकी ती घट्ट बसावी. माझी पेन्सिल वहीवर नुसती धावत होती. शेजारी एक म्हातारा माणूस पाठ करून बसलाय, आणि मला आनंद झाला होता.

म्हादूला घाम फुटला. पहारीनंही फळ्या सुटत नव्हत्या. तो ओरडला, "नाना, लई घट हाय की वो ही!"

नानांची मान वळायच्या आत मी म्हणालो, "बाहेरून तशीच वाटते." आणि पुढच्या फासळ्या मी स्वतः पोत्यात भरल्या, तोंड बांधलं. लाकूड मी मागितलं, नानांनी दिलं. तुमच्याकडं राहील तर बरं, म्हणाले.

ते मी शहरात गफूरमिस्त्रीकडे नेलं. शहागंजाजवळ त्यांचं दुकान, माझ्या सगळ्या नावांच्या पट्ट्या तेच कापून द्यायचे. त्यांनी एक फासळी उचलली, नखानं खरवडली, नाकाशी धरली.

"साब, ये नाव कायकू तोडे? इसमें तो कीडा बी नै लगा."

मी म्हणालो, "पुरानी हो गई थी." गफूरमिस्त्रींनी फासळी खाली ठेवली. मग त्यांनी यंत्र चालू केलं. पट्ट्या नेहमीसारख्याच नीट कापून, सुतळीनं बांधून दिल्या. पण माझी प्रत्येक नाव झाली की ते घरी बघायला यायचे, हौदापाशी बसून पोरासारखे हसायचे. ही नाव बघायला आले नाहीत. मी दोनदा बोलावलं.

नानांचं पुढं काय झालं? नवी नाव बांधणारं कुणी उरलं नव्हतं. पलीकडच्या शेतांची माणसं लांबच्या वळशानं जाऊ लागली, काहींनी शेतं दुसऱ्यांना कसायला दिली. वर्षभर नाना दुसऱ्यांच्या जाळ्यांची दुरुस्ती करत राहिले. मग कुणीतरी त्यांना शेंद्र्याला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लावून दिलं. एकदा मी करमाडला निघालो होतो, तेव्हा दिसले. निळा शर्ट, हातात शिट्टी, पुढ्यात जालना रोडची धूळ. सगळा जन्म पाण्यावर गेलेला माणूस. मी स्कूटर थांबवली नाही.

माझी नाव पुरी व्हायला दीड वर्ष लागलं. शहरात एका हस्तकलेच्या प्रदर्शनात ती ठेवली, आतल्या फळ्या न लावता, म्हणजे फासळ्या आणि तो सांधा दिसावा. लोक गर्दी करून बघत होते. लोप पावणारी कला जपली, असं कुणीतरी माईकवरून म्हणालं, आणि मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. ते हसू मला अजून आठवतं.

नाना आणि रुखमाबाई त्या दिवशी आले होते. मीच बोलावलं होतं — का बोलावलं, ते मला आजही सांगता येत नाही. नाना वाकून किती वेळ बघत राहिले. टोकाच्या बाकावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हुबेहूब हाय," म्हणाले. मग जरा संकोचून, "साहेब, ती जागा दाखवता का? कुजल्याली? त्या दिवशी मला बघवलं नाय."

अजून वेळ होती. इतक्या वर्षांनी मला कळतंय की तीच वेळ होती. ते विचारत होते, मी सांगायचं होतं. हॉलमधली माणसं कान देऊन ऐकत होती.

मी बोट ठेवलं. पुढून तिसऱ्या फासळीवर. "ही," म्हणालो.

नानांनी त्याच जागी आपलं बोट टेकलं. रुखमाबाईला जवळ बोलावलं. "ही बघ. हितनं गेलती." आणि मग आजूबाजूच्या लोकांकडं वळून, मोठ्यानं, अभिमानानं, "ह्या साहेबांनी सांगितलं म्हणून. नायतर गावच्या चार बाया घेऊन बुडालो असतो मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाना गेले ते मला उशिरा समजलं. मी रुखमाबाईला भेटायला गेलो. आता सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो, रस्ताभर वाक्यं जुळवत. ती अंगणात लसूण सोलत होती. थकली होती. मला बघून लगबगीनं उठली, खाट टाकली, चहा केला. तुमचं नाव निघायचं रोज, म्हणाली. शेवटी शेवटी ते पोरांची नावं विसरले, पण साहेबांनी माणसं वाचवली, हे विसरले नाहीत.

मी कप खाली ठेवला. "रुखमाबाई, ती नाव —" एवढंच बोललो.

"जाऊ द्या वो साहेब," ती म्हणाली. "तुम्ही जीवाला नका लावून घेऊ. कुजल्यालीच व्हती ती."

आणि मी म्हणालो, "व्हय."

उरलेला चहा प्यालो आणि घरी आलो. नाव धडधाकट होती. मला हात घातला तेव्हाच कळलं होतं.